टॅली, श्रीलिपी आणि घरातले तीन सल्लागार

पत्र: आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत. पहिला २०१८ साली घेतलेला लॅपटॉप : आय५ सातव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर मी तीन दुकानांची खाती टॅलीत ठेवते. शिवाय लग्नपत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं, वार्षिक अहवाल अशी कामं श्रीलिपी आणि पेजमेकरवर करते. दुसरा २०१२ चा डेस्कटॉप : आय३ तिसऱ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, विंडोज ७. तो जवळपास बंदच असतो. आता विंडोज १० बंद झालं म्हणतात. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, "आई, लिनक्स टाक, व्हायरसच येत नाही." बेंगळुरूचे धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, मॅक घ्या, दहा वर्षं बघायला नको." दुरुस्तीवाला म्हणतो, "बायपास करून विंडोज ११ टाकून देतो, आठशे रुपये." मुलगी बारावीत आहे. तिच्या लेक्चरची आणि माझ्या कामाची वेळ एकच येते. रोज जेवताना वाद. काय करू?
— एक वाचक, कराड

ताई,

तिघांनीही आपापल्या आवडीचं उत्तर दिलं, पण तुमच्या कामातलं काय दुसरीकडे हलूच शकत नाही, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. तुमच्या पत्रात ते स्पष्ट आहे : टॅली आणि श्रीलिपी. टॅलीप्राइम (टॅलीची आताची आवृत्ती) फक्त विंडोजसाठी बनतं. मराठी टंकनाची तुमची श्रीलिपीही विंडोजचीच, आणि पानं मांडायचं पेजमेकर तर त्याहून जुनं. कुठली ऑपरेटिंग सिस्टिम श्रेष्ठ, हा वाद चाळीस वर्षं चाललाय (मॅकिंटॉश १९८४ चं, पहिलं विंडोज १९८५ चं) आणि तुमच्या जेवणाच्या ताटावर तो मिटणार नाही. मिटायची गरजही नाही.

आधी निर्णय सांगून टाकते. लॅपटॉपवर विंडोज १०च राहू द्या, पण त्याला वाढीव सुरक्षा अपडेट लावून घ्या आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवा. डेस्कटॉपवर मुलाच्या हातून लिनक्स टाकून घ्या आणि तो मुलीला द्या. मॅक नको. आठशे रुपयेही देऊ नका. आणि जुन्या श्रीलिपीतल्या फायली युनिकोडमध्ये आणायला या आठवड्यापासून सुरुवात करा. खरं अडकलेपण तिथे आहे. त्यावर पुढे सविस्तर.

"विंडोज १० बंद झालं" याचा अर्थ कॉम्प्युटर बंद पडतो असा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने त्यातल्या सुरक्षेच्या नव्या भोकांना ठिगळ लावणं थांबवलं, इतकाच. पण हे "इतकाच" लहान नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ज्या भोकातून तो शिरला, त्याचं ठिगळ दोन महिने आधी, मार्चमध्येच निघालं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. तीन दुकानांचे हिशोब असलेल्या मशीनवर ही जोखीम घ्यायची नाही. "डिफेंडर चालू आहे ना" असं कुणी म्हणेल. विंडोज १० वरच्या डिफेंडरला व्हायरसच्या नव्या याद्या २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत मिळणार आहेत हे खरं. पण डिफेंडर दारावरचा राखणदार आहे. भिंतीला पडलेलं भगदाड बुजवणं त्याचं काम नाही.

भगदाड बुजवण्यासाठी वाढीव अपडेट आहेत. घरगुती वापरकर्त्यांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, चौकटीत 'विनव्हर' (winver) हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर करा. खिडकीत '२२एच२' दिसायला हवं. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आधी तिथवर या. मग सेटिंग्ज, त्यात 'अपडेट अँड सिक्युरिटी', त्यात 'विंडोज अपडेट'. उजव्या बाजूला किंवा बटणाखाली 'एनरोल नाऊ' असा दुवा दिसेल. दिसत नसेल तर बहुधा ऑगस्ट २०२५ चं किंवा त्यानंतरचं अपडेट बसलेलं नाही. सगळी अपडेट घ्या, मशीन रीस्टार्ट करा, पुन्हा बघा. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं आणि त्या खात्याला मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागतात. पुढे तीन पर्याय येतात : सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर ठेवा (फुकट), १००० रिवॉर्ड पॉइंट खर्च करा, किंवा ३० डॉलर भरा. पहिला पर्याय घ्या. फक्त एक काळजी घ्या. त्याच ओघात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरंही वनड्राइव्हवर चढवायचं विचारलं जातं, ते बंद ठेवा. फुकटची जागा ५ जीबीच असते आणि पत्रिकांची चित्रं ती चार दिवसांत भरून टाकतील.

आता दुरुस्तीवाल्याच्या बायपासबद्दल. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. तुमची सातव्या पिढीची, एका पायरीने हुकलेली. ही तपासणी चुकवून विंडोज ११ बसतं, चालतंही, आणि महिन्याची अपडेटही सहसा येत राहतात. पण वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती अशा मशीनला आपोआप मिळत नाही. ती दर वेळी हाताने, पुन्हा बायपास करून चढवावी लागते. त्याला एकच विचारा, की "कुठली आवृत्ती टाकणार?" त्याच्याकडच्या पेन ड्राइव्हवर २३एच२ असेल तर तिची घरगुती मुदत नोव्हेंबर २०२५ मध्येच संपली. २४एच२ असेल तर तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. म्हणजे विंडोज १० च्या वाढीव अपडेटची जी तारीख, तीच! पैसे मोजून, सगळं नव्याने बसवून हाती काही लागत नाही. शिवाय अशा कामात बऱ्याचदा सी ड्राइव्ह पुसला जातो आणि लायसन्सच्या नावाखाली कुठला तरी 'ॲक्टिव्हेटर' चालवला जातो. तो चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. ज्या मशीनवर लोकांचे जीएसटीचे पासवर्ड आहेत, तिथे हे होऊ देऊ नका.

लॅपटॉप हळू चालतो असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण १ टीबी हार्ड डिस्कवर विंडोज १० हळू चालणारच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा रकाना सुरुवातीची काही मिनिटं १०० टक्क्यांवर चिकटलेला दिसेल. फिरणारी तबकडी बारीकसारीक फायली वेचताना दमते, हे त्याचं कारण. याचा दोष लोक विंडोजला देतात आणि मग लिनक्स किंवा मॅक कसं वेगवान आहे याच्या गोष्टी सांगतात. अडीच इंची साटा एसएसडी, ४८० किंवा ५०० जीबीची, पुरेल. मात्र डिस्कवर प्रत्यक्ष भरलेला मजकूर त्याहून कमी आहे ना, हे आधी बघा. एसएसडीच्या कंपनीचं क्लोन करायचं सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळतं. त्याने जशीच्या तशी नक्कल होते, नव्याने काही बसवावं लागत नाही. दुकानात कुणी "एम डॉट टू बसवू" (म्हणजे पट्टीसारखी एसएसडी) म्हणालं तर आधी खाच आहे का आणि ती साटाची आहे की एनव्हीएमईची (जोडणीचे हे दोन वेगळे प्रकार), हे तपासायला सांगा. त्या काळच्या कित्येक लॅपटॉपांत फक्त साटाची असते आणि चुकीची पट्टी आणली तर ती लॅपटॉपला दिसतच नाही. काढलेली हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घाला, बॅकअपला होईल.

पण डिस्कला हात लावायच्या आधी दोन गोष्टी करायच्याच. टॅलीत ऑल्ट-वाय दाबून 'बॅकअप' घ्या आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर लावून फाइल खरोखर तिथे आहे का ते बघा. मग एफ१ मधल्या लायसन्स विभागात जाऊन लायसन्स 'सरेंडर' करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या, आणि नव्या डिस्कवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. टॅलीचं लायसन्स त्या मशीनच्या घडणीला बांधलेलं असतं. सरेंडर न करता डिस्क बदलली तर नंतर रीसेटचा व्याप मागे लागतो, आणि तो नेमका जीएसटी विवरणपत्राच्या २० तारखेला लागतो. बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर स्वतःच्याच डिस्कपुढे हात जोडून बसावं लागतं.

आता मुलाचं लिनक्स. त्याची सूचना चांगली आहे, मशीन चुकलं. लॅपटॉपवर दोन्ही टाकू, म्हणजे ड्युअल बूट करू, असंही तो सुचवेल. नको. विंडोज घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स जागतिक वेळेवर. त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ साडेपाच तासांनी सरकलेली दिसते. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद नसेल तर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. दोन्हींवर उपाय आहेत, पण तुमच्या कामाच्या मशीनवर ही झटापट कशाला?

डेस्कटॉपवर मात्र बिनधास्त टाकू द्या. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० लाच संपली आणि २०२३ च्या सुरुवातीला क्रोमनेही त्याला रामराम केला. ब्राउझर जुना राहिला की एकेक साइट उघडेनाशी होते. विंडोज १० चंही कधी ना कधी हेच होणार. लिनक्स मिंट २२, त्यातला एक्सएफसीई हा हलका प्रकार घ्या. त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. फाइल साधारण ३ जीबीची असते. रूफस किंवा एचर हे सॉफ्टवेअर वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे मुलीला आधी सांगा. त्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की काहीही न बसवता मिंट चालतं. तासभर तसंच वापरा : यूट्यूबचा व्हिडिओ, आवाज, हेडफोन, मॉनिटरचं रेझोल्यूशन. सगळं चाललं तरच डिस्क पुसून बसवा, आणि पुसण्याआधी विंडोज ७ मधले जुने फोटो काढून घ्या.

इतक्या वर्षांच्या डेस्कटॉपचा पहिला अडथळा भलताच असतो. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, संपलेला असतो. मग दर वेळी तारीख मागे जाते आणि प्रत्येक साइटवर "तुमचं घड्याळ मागे आहे" असा सुरक्षेचा इशारा येतो. लोक याला लिनक्सचा दोष समजतात. सेल बदला, किरकोळ किमतीत मिळतो. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर सुरुवातीला फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा, मिंट ते लगेच ओळखतं. ४ जीबीवर क्रोमच्या पाच-सहा टॅब निभतात. डीडीआर३ रॅमची आणखी ४ जीबीची पट्टी जुन्या बाजारात मिळाली तर बसवा. इथेही एसएसडी बसवली तर मशीन इतकं चपळ होईल की ओळखू येणार नाही.

मराठी टंकनासाठी कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (थेट मराठी अक्षरांच्या कळांची मांडणी) तयारच असतो. मुलगी इंग्रजी अक्षरांतून लिहीत असेल तर आयबस आणि एम१७एन ही टंकनाची सॉफ्टवेअरं बसवावी लागतील. हे मुलाकडून त्याच बैठकीत करून घ्या, नाहीतर तो होस्टेलला गेल्यावर फोनवर सांगत बसेल. तिच्या क्लासची ऑनलाइन परीक्षा स्क्रीन लॉक करणाऱ्या ॲपमधून असेल तर तशी ॲप बहुधा विंडोज आणि मॅकसाठीच असतात. तेवढा दिवस लॅपटॉप तिला द्या.

"व्हायरसच येत नाही" हे मात्र त्याला दुरुस्त करायला लावा. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लिनक्स घटकात कुणीतरी पद्धतशीर चोरदार बसवल्याचं उघडकीस आलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय याचा संशय आला, म्हणून ते सापडलं, आणि नेहमीच्या स्थिर आवृत्त्यांत पोचायच्या आधी सापडलं. लिनक्सच्या घरगुती वापरकर्त्यांना व्हायरस फार कमी गाठतात, हे खरं. पण खोटी बँकेची लिंक दाबली तर ऑपरेटिंग सिस्टिम कुठलीही असो, पैसे जातात.

दिरांच्या मॅकबद्दल थोडक्यात. यंत्र उत्तम, बॅटरी तर फारच उत्तम, आणि त्यांच्या कामाला ते शोभतही असेल. तुमच्या कामाला नाही. २०२० पासून ॲपल स्वतःच्या एआरएम (इंटेलहून वेगळ्या घडणीच्या) चिपा वापरतं, त्यामुळे त्यावर इंटेलचं नेहमीचं विंडोज बसत नाही. आभासी यंत्रात (मॅकच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर) चालतं ते एआरएमचं विंडोज. त्यावर साधी सॉफ्टवेअरं अनुवाद होऊन चालतात, पण डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी किल्ली) आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनांचे ड्रायव्हर असे अनुवादित होत नाहीत. ते एआरएमसाठी मुद्दाम बनवलेले असावे लागतात. तुमची श्रीलिपी डोंगलवर असेल तर घोडं तिथेच पेंड खातं. भर म्हणजे विंडोजच्या पद्धतीने, एनटीएफएसमध्ये, फॉरमॅट केलेली बाहेरची डिस्क मॅक वाचतं, तिच्यावर लिहीत नाही. रॅम नंतर वाढवता येत नाही.

ड्रायव्हरची हीच अडचण स्नॅपड्रॅगन या एआरएम चिपांच्या नव्या विंडोज लॅपटॉपांनाही आहे. ऑक्टोबर २०२६ जवळ आला की तुम्हाला नवा लॅपटॉप घ्यावा लागेल, तेव्हा हे लक्षात ठेवा : चिप इंटेल किंवा एएमडीचीच, रॅम १६ जीबी किंवा ८ जीबी अधिक एक मोकळी खाच, ५१२ जीबी एसएसडी, आणि डोंगलसाठी मोठ्या तोंडाचे दोन यूएसबी पोर्ट. एएमडीच्या रायझन चिपांच्या आकड्यांत फसू नका. ७५२०यू हा आकडा ५६२५यू पेक्षा मोठा दिसतो, पण त्यातला तिसरा अंक, २, आतली रचना जुनी झेन २ असल्याचं सांगतो.

आता फायलींकडे. तुमचे दीर, मुलगा आणि दुरुस्तीवाला तिघेही यंत्राबद्दल बोलले. तुम्हाला विंडोजला बांधून ठेवणारी दोरी मात्र फाँटची आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत मराठी मजकूर खऱ्या अर्थाने मराठी म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फाँट काढला की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची रद्दी उरते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर विंडोज, लिनक्स, मॅक, फोन, कुठेही वाचता येतो. शोधताही येतो.

रूपांतरकाने मजकूर बदलता येतो, पण तो ठरावीक जागी अडखळतो. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती तिथे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार उलटा : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये र आधी. म्हणून रूपांतर झालं की आधी 'हार्दिक', 'आशीर्वाद', 'कुर्यात्', 'वऱ्हाड', 'श्रीमती', 'ज्ञानेश्वर' हे शब्द शोधून बघा. 'हार्दिक'मध्ये रफार आणि पहिली वेलांटी एकाच जोडाक्षरावर आहेत. तो बरोबर आला तर रूपांतरक चांगला. 'वऱ्हाड'मधला ऱ्ह बहुतेक ठिकाणी 'र्ह' होऊन बसतो आणि मुद्रितशोधनात सहज निसटतो. मधे आलेले इंग्रजी शब्द, ईमेल आणि कधी कधी फोन नंबरही रूपांतरकातून गेले की त्यांचं भजं होतं. ते आधी वेगळे काढून ठेवा.

सगळं मात्र बदलत बसू नका. पूर्ण झालेल्या पत्रिका आणि पावत्यांची फक्त पीडीएफ करून ठेवा, फाँट आत घालून. पुन्हा छापायला तेवढी पुरते. युनिकोडमध्ये आणायचा तो परत परत लागणारा मजकूर : पत्रिकांचे नमुने, श्लोक, मंडळाच्या अहवालाचा कायमचा भाग, सभासदांची यादी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ ची. तिला युनिकोड कळतच नाही, म्हणून तिच्यातून मजकूर 'एक्स्पोर्ट' करून बाहेर काढा. नव्या मांडणीसाठी लिबरऑफिस रायटर अहवालाला पुरेल. पत्रिकेसारख्या नेटक्या कामाला स्क्रायबस १.६ घ्या. त्यात देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात आणि छापखान्याला हवी तशी चाररंगी पीडीएफ निघते. दोन्ही फुकट आहेत, विंडोजवर चालतात आणि लिनक्सवरही. फाँट म्हणून मुक्ता घ्या, त्यात जाड-बारीक बरेच प्रकार आहेत. हात बसायला दोनेक महिने लागतील, म्हणून मांडणीच्या सॉफ्टवेअरचा हा बदल लग्नसराईत करू नका. पावसाळ्यात करा.

ऑक्टोबर २०२६ नंतरही श्रीलिपी-पेजमेकरचं थोडं काम उरलंच तर जुन्या लॅपटॉपचं वायफाय कायमचं बंद करून तो तेवढ्यासाठी ठेवा. टॅली आणि जीएसटी नव्यावर न्या. डिजिटल सही यूएसबी टोकनवरची असेल तर तेही काम विंडोजवरच ठेवा.

प्रिंटरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. एचपी लेझरजेट १०२० किंवा एम१००५ असेल तर मिंटवर एचपीचं 'प्लगइन' वेगळं उतरवावं लागतं, ते उतरलं की छापतो. कॅनन एलबीपी २९०० असेल तर लिनक्सवर त्याच्या नादी लागू नका. तो लॅपटॉपलाच जोडलेला ठेवा आणि मुलीला नोट्स पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर आणायला सांगा.